कोनाचा लोप केल्यावर काय उरतें ?

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांचे चिरंजीव अकरावींत आहेत. वर्गांतील चांचणींत दोन प्राचलिक समीकरणें देऊन त्यांचें कार्तीय समीकरण करावयास व आकृति काढावयास सांगितलें होतें. मुलानें समीकरण बिनचूक काढलें. परंतु आकृतीच्या जागीं वाटीसारखा एक लहानसा तुकडा काढून तो थांबला. गुरुजींनीं त्यावर 'आकृति अपूर्ण' असा तांबड्या शाईचा शेरा मारला आणि चारांपैकीं दोन गुण कापले. मुलगा दोन दिवस कोणाशीं धड बोलला नाहीं. वडिलांनीं 'पुस्तकांत असेल तसें लिहावें, नसती हुशारी करूं नये' असा निकाल दिला. आणि आईनें वहीचें तें पान उतरून काढून माझ्याकडे पाठविलें. "त्याचें चुकलें असेल तर तसें खुशाल लिहावें, परंतु कां चुकलें तेंही लिहावें," असें त्यांनीं शेवटीं म्हटलें आहे.

त्याचें चुकलेलें नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. कां चुकलेलें नाहीं हें सांगावयास मात्र थोडा वेळ लागेल, आणि त्यांत मला माझी स्वतःची एक गोष्टही सांगावी लागेल.

प्रथम उदाहरण पाहूं. कागदावर एक आडवी व एक उभी अशा दोन रेषा काढल्या म्हणजे कोणत्याही बिंदूचें ठिकाण दोन अंतरांनीं सांगतां येतें. उभ्या रेषेपासूनचें आडवें अंतर तें क्ष, आणि आडव्या रेषेपासूनचें उभें अंतर तें य. फ्रान्समधील देकार्त ह्या तत्त्वज्ञानें १६३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या भूमितीच्या ग्रंथांत वक्र रेषा समीकरणानें सांगण्याची रीत मांडली, म्हणून क्ष आणि य ह्यांना जोडणाऱ्या समीकरणास कार्तीय असें नांव पडलें आहे. परंतु कधीं कधीं क्ष व य ह्यांचा परस्परसंबंध सरळ न सांगतां दोघांचाही संबंध एका तिसऱ्याच राशीशीं सांगितलेला असतो. ह्या तिसऱ्या राशीस प्राचल म्हणतात. येथें ती एक कोन आहे. त्या कोनास आपण थ म्हणूं. आणि शाळेंत ज्यांस साइन व कोसाइन म्हणतात त्यांना मी ज्या व कोज्या म्हणेन. उदाहरण असें :

क्ष = कोज्या थ, य = कोज्या २थ.

दुप्पट कोनाच्या सूत्राप्रमाणें कोज्या २थ म्हणजे कोज्या थ हिच्या वर्गाची दुप्पट उणें १. कोज्या थ हिच्या जागीं क्ष घातला कीं

य = २ क्षवर्ग − १.

थ नाहींसा झाला. उरलेलें समीकरण अन्वस्ताचें आहे. अन्वस्तास कोणी परवलय असेंही म्हणतात. ह्या वक्राचे दोन्ही बाहू वर वर जात अमर्याद पसरतात. पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें उत्तर बहुधा 'अन्वस्त' एवढेंच असतें, आणि तें समोर ठेवून वही तपासणाऱ्यास मुलाचा तुकडा अपुरा वाटावा ह्यांत नवल नाहीं.

परंतु मूळ समीकरणांकडे परत जाऊं. क्ष ही कोणत्या तरी कोनाची कोज्या आहे, आणि कोज्या १ हून मोठी किंवा −१ हून लहान कधींच होत नाहीं. क्ष = २, य = ७ हा बिंदु अन्वस्तावर आहे खरा; पण थला कोणतीही किंमत दिली तरी तो आपल्या हातीं लागणार नाहीं. कांहीं किंमती घेऊनच पाहूं. थ शून्य अंश असतां बिंदु (१, १) येथें असतो. ३० अंशांस तो (०.८७, ०.५) येथें, ४५ अंशांस (०.७१, ०) येथें, ६० अंशांस (०.५, −०.५) येथें आणि ९० अंशांस सर्वांत खालीं (०, −१) येथें येतो. मग डाव्या अंगास चढूं लागतो. १२० अंशांस (−०.५, −०.५), १८० अंशांस (−१, १). पुढें २१० अंश केले कीं तो (−०.८७, ०.५) येथें, म्हणजे आल्या वाटेनेंच माघारा फिरलेला दिसतो, आणि ३६० अंशांस जेथून निघाला होता तेथें परत. डाव्या टोंकापलीकडे तो जात नाहीं आणि उजव्याही नाहीं. मुलानें काढलेली वाटी ती हीच. तिच्यावर त्यानें जाण्याचा व येण्याचा असे दोन बाण काढले असते, तर मीं त्याला चारांपैकीं पांच गुण दिले असते.

आतां माझी गोष्ट. मी मॅट्रिकपुढें शिकलों नाहीं. शाळेंत संस्कृत आणि खालच्या वर्गांचें गणित शिकवीत असें. संध्याकाळीं घरीं अकरावी-बारावीचीं मुलें येत, त्यांचें गणित मी त्यांच्याबरोबरच शिकलों. पदवी नसलेल्या शिक्षकास पुस्तकाच्या मागील उत्तरांचा केवढा आधार वाटतो, हें ज्यानें अनुभवलें त्यालाच ठाऊक. १९९४ सालीं घरच्या एका चांचणींत मीं ह्याच जातीचें उदाहरण घातलें होतें : क्ष = ज्या थ, य = कोज्या २थ. त्याचें उत्तर य = १ − २ क्षवर्ग असें येतें, म्हणजे वाटी उपडी होते. एका मुलीनें उपडी वाटी काढली, दोन टोंकांवर ठळक ठिपके दिले, आणि सोडून दिलें. मीं चुकीची खूण केली. वही परत घेतांना तिनें विचारलें, "सर, थ किती घेतला म्हणजे क्ष दोन होईल ?" मी म्हणालों, "मागें उत्तर पाहा." ती कांहीं बोलली नाहीं.

रात्रीं जेवणानंतर मी कागद घेऊन बसलों, आणि अर्ध्या तासांत तिचेंच बरोबर आहे हें मला कळून चुकलें. दुसऱ्या दिवशीं ती आली, तेव्हां मीं पुढचें प्रकरण काढलें. घरचीच परीक्षा, गुणांनीं कोणाचें काय बिघडतें, अशी मनाची समजूत घातली. खरें कारण एवढेंच कीं, इतर मुलांच्या देखत चूक कबूल करण्याची मला लाज वाटली. वर्ष संपल्यावर मुलें पांगलीं. तिला मीं तें आजतागायत सांगितलेलें नाहीं. तेव्हां ह्या मुलाच्या गुरुजींस दोष देण्याचा मला अधिकार नाहीं, आणि मी तो देतही नाहीं.

कोनाचा लोप केला म्हणजे नक्की काय हरवतें ? आळंदीहून पंढरपुरास जाणारी माउलींची पालखी घ्या. तिचें वेळापत्रक ठरलेलें असतें. अमुक तिथीस अमुक गांवीं मुक्काम. त्यावरून पालखी कोणत्या दिवशीं कोठें असेल, कोठें एकाच्या जागीं दोन मुक्काम पडतील आणि वाटचाल कोणत्या दिशेनें होईल, हें सर्व कळतें. आतां सगळ्या तिथि खोडून टाका आणि नुसता रस्ता नकाशावर काढा. वाट राहिली, परंतु पालखी केव्हां कोठें होती तें गेलें, कोणीकडून कोणीकडे गेली तें गेलें. शिवाय रस्ता कांहीं पंढरपुरास संपत नाहीं, तो पुढच्या गांवांस जातो. पालखी जात नाहीं. प्राचलिक समीकरणें हें वेळापत्रक, कार्तीय समीकरण हा रस्ता, आणि थ ही तिथि. तिथि पुसण्यापूर्वीं पालखी कोठून निघाली व कोठें थांबली एवढें कागदाच्या कडेला टिपून ठेवावें, म्हणजे काम भागलें.

लोप करण्याची युक्ति मात्र बहुतेक उदाहरणांत एकच असते, आणि संस्कृत ज्योतिषग्रंथ चाळणाऱ्यास ती परकी वाटत नाहीं. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें २२५ कलांच्या अंतरानें २४ ज्यांचें कोष्टक दिलें. त्यांत त्रिज्या ३४३८ कलांची धरली आहे. त्या काळीं ज्या ही नुसती संख्या नसून प्रत्यक्ष रेषा होती, म्हणून ज्यावर्ग आणि कोटिज्यावर्ग ह्यांची बेरीज त्रिज्यावर्गाइतकी होई. आज आपण त्रिज्या १ धरतों, म्हणून बेरीज १ येते. भुज, कोटि व कर्ण ह्यांचाच हा नियम. वर वापरलेलें दुप्पट कोनाचें सूत्रही जुनेंच. वराहमिहिराच्या पंचसिद्धांतिकेंत अर्ध्या कोनाची ज्या काढण्याची रीत आहे, ती उलट दिशेनें वाचली कीं तेंच होतें. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० सालीं, सिद्धांतशिरोमणि लिहिला. त्यांतील ज्योत्पत्ति प्रकरणांत दोन कोनांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या काढण्याची रीत दिलेली आहे. अरबांनीं आपला शब्द 'जीब' असा घेतला, तो पुढें 'जैब', म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला, आणि लॅटिन भाषांतर करणाऱ्यांनीं घडी ह्या अर्थाचा 'सायनस' शब्द योजिला. आपलीच दोरी परदेशीं फिरून आली ती साइन होऊन. ह्यावरून समीकरणावरून वक्र काढण्याची आजची रीतही आपल्याकडेच होती, असें मात्र कोणीं म्हणूं नये. ती देकार्ताच्या काळची व त्याच्या बाजूची आहे.

दुसरें उदाहरण घरांतलें घेतों. ९ फुटांची शिडी भिंतीस टेकलेली आहे, आणि खालून ३ फुटांवरच्या पायरीवर मांजर बसलें आहे. शिडीचा पाय सुटला. वरचें टोंक भिंतीला धरून व खालचें जमिनीला धरून ती घसरूं लागली, आणि मांजर घाबरून उडी न मारतां बसूनच राहिलें (असें मांजर मीं पाहिलेलें नाहीं), तर तें कोणत्या वाटेनें जमिनीवर येईल ? शिडी जमिनीशीं थ इतका कोन करते तेव्हां मांजराची उंची ३ ज्या थ असते. आणि वरच्या टोंकापासून मांजरापर्यंत शिडी ६ फूट असल्यामुळें भिंतीपासून त्याचें अंतर ६ कोज्या थ असतें. म्हणून क्षचा सहावा भाग ही कोज्या, यचा तिसरा भाग ही ज्या. दोघांचे वर्ग करून मिळविले कीं १ येतो. थ गेला, आणि उरलें तें लंबवर्तुळाचें समीकरण.

बहुतेक मुलें सांगतात कीं वाट कोपऱ्याकडे दबलेली असेल. ती तशी नसते, बाहेर फुगलेली असते. मांजर बरोबर मधल्या पायरीवर, म्हणजे साडेचार फुटांवर असेल, तर त्याची वाट लंबवर्तुळ नसून कोपऱ्याभोंवतीं साडेचार फूट त्रिज्येच्या वर्तुळाची होते. आणि येथेंही पूर्ण लंबवर्तुळ काढणारा फसला. शिडी उभी असतां थ ९० अंश, मांजर (०, ३) येथें. शिडी आडवी झाली कीं थ शून्य, मांजर (६, ०) येथें. मधला पाव भाग तेवढाच खरा. उरलेला पाऊण भाग काढावयाचा तर मांजरास भिंतीच्या पलीकडे आणि जमिनीच्या खालीं जावें लागेल. पुठ्ठ्याची ९ सेंटिमीटरची पट्टी कापून, एका टोंकापासून ३ सेंटिमीटरवर भोंक पाडून त्यांत पेन्सिलीचें टोंक घालावें, आणि पट्टीचीं दोन टोंकें दोन अक्षांवरून सरकवीत न्यावींत. पाव लंबवर्तुळ कागदावर उमटतें. एकमेकींस काटकोनांत छेदणाऱ्या दोन खोबणींत पट्टी सरकवून पुरें लंबवर्तुळ काढण्याचें एक साधन सुतारकामांत वापरलें जातें, तें ह्याच तत्त्वावर.

पहिल्या उदाहरणांतील वाटी मात्र पेन्सिलीनें काढण्यापेक्षां रांगोळीनें काढून पाहण्यासारखी आहे. दाराच्या चौकटीच्या गणेशपट्टीला दोन टोंकांशीं दोन खिळे ठोकावे (घरधनिणीची आधीं परवानगी घ्यावी). दोन्ही खिळ्यांना दोरी सैल बांधून तिच्या मधोमध गांठ मारावी, आणि गांठीखालीं आणखी एक दोरी सोडून तिला रांगोळीनें भरलेला कागदाचा शंकु टांगावा. आकार इंग्रजी वाय ह्या अक्षरासारखा होतो. दाराच्या आरपार, म्हणजे आंत-बाहेर, झोका दिला तर खिळ्यांपासून शंकूपर्यंतची सारी लांबी झुलते. चौकटीच्या रुंदीच्या दिशेनें दिला तर गांठीखालची तेवढीच झुलते. झोक्याचा काळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. म्हणून खिळ्यांच्या पातळीपासून शंकु ६ फूट खालीं, आणि गांठीपासून दीड फूट खालीं ठेवला, तर लांब्यांचें प्रमाण चारास एक व काळांचें दोनास एक होतें. आंत-बाहेरचा एक झोका सुमारें पावणेतीन सेकंदांचा आणि रुंदीच्या दिशेचा त्याच्या निम्म्या वेळाचा.

आतां शंकु एक वीत आंत आणि चार बोटें बाजूला असा तिरका ओढून, धक्का न देतां, अलगद सोडावा. एका दिशेचें अंतर कोज्या थ ह्या रीतीनें बदलतें आणि दुसऱ्याचें कोज्या २थ ह्या रीतीनें. म्हणजे प्रत्यक्ष आपलेंच उदाहरण झुलूं लागतें. खालीं फरशीवर अन्वस्ताचा तुकडा उमटतो. शंकु एका टोंकाशीं क्षणभर थबकतो, आल्या वाटेनें परत फिरतो, दुसऱ्या टोंकाशीं थबकतो. टोंकांशीं त्याचा वेग मंद असल्यामुळें तेथें रांगोळी दाट पडते. हवेच्या अडथळ्यानें झोका हळूहळू आंखडत जातो, म्हणून एकावर एक अशा लहान होत जाणाऱ्या वाट्या दिसतात. गांठ बोटभर वर किंवा खालीं झाली, तर जाण्याची व येण्याची वाट एक न राहतां उलगडूं लागते आणि इंग्रजी आठाच्या आंकड्याकडे झुकते. असा लंबक १८४४ सालीं ब्लॅकबर्न ह्यानें वर्णिला. अशा वक्रांचा अभ्यास अमेरिकेंतील बौडिच ह्यानें १८१५ सालीं केला होता, आणि १८५७ सालीं फ्रान्समधील लिसाजू ह्यानें कंप पावणाऱ्या काट्यांवरील आरशांनीं प्रकाशाचा किरण नाचवून ते दाखविले. आज त्यांस त्याच्याच नांवानें ओळखतात.

तो इंग्रजी आठ समीकरणांत पाहावयाचा असेल तर क्ष = ज्या थ, य = ज्या २थ घ्यावें. ज्या २थ म्हणजे ज्या व कोज्या ह्यांच्या गुणाकाराची दुप्पट; वर्ग केला कीं यवर्ग = ४ क्षवर्ग (१ − क्षवर्ग). येथें क्षची मर्यादा समीकरण आपण होऊनच सांगतें, कारण क्ष १ हून मोठा केला तर उजवी बाजू ऋण होईल आणि वर्ग ऋण होत नाहीं. अपास्ताचेंही तसेंच. क्ष = सेक थ, य = टॅन थ ह्यांवरून क्षवर्ग − यवर्ग = १ येतें, आणि −१ व १ ह्यांमधली मोकळी जागा समीकरणांतच दिसते; फक्त ९० अंशांवर बिंदु एका शाखेवरून दुसऱ्या शाखेवर जातो, तें मूळ समीकरणें पाहिल्यावांचून कळत नाहीं. म्हणजे मर्यादा कधीं लोपानंतरही टिकते, कधीं टिकत नाहीं. टिकली कीं नाहीं हें प्रत्येक वेळीं पाहावेंच लागतें.

पत्र लिहिणाऱ्या बाईंस माझें सांगणें असें. मुलानें गुरुजींकडे वाद घालावयास जाऊं नये, आणि हा लेखही दाखवूं नये. छापील अक्षर पुढें केलें कीं माणूस अधिकच अडून बसतो, हें मीं स्वतःवरून ओळखतों. त्यानें वही घेऊन मधल्या सुटींत, चारचौघांत नव्हे, एकट्यानें जावें, समीकरणापुढें 'क्ष −१ पासून १ पर्यंत' एवढे शब्द लिहावे, दोन टोंकांवर ठिपके व वाटेवर दोन बाण काढावे, आणि मग विचारावें, थ किती घेतला म्हणजे क्ष दोन होईल ? गुण परत मिळतील किंवा न मिळतील. वडिलांस मात्र आईनेंच सांगावें कीं मुलानें नसती हुशारी केलेली नाहीं.

पुढील अंकापूर्वीं करून पाहण्यास दोन उदाहरणें देतों. पहिलें : क्ष = ज्या थ हिचा वर्ग, य = कोज्या थ हिचा वर्ग. दुसरें : क्ष = १ + २ कोज्या थ, य = ३ + २ ज्या थ, थ शून्यापासून १८० अंशांपर्यंतच. पहिल्यांत थ ३६० अंश फिरला म्हणजे बिंदु त्याच वाटेवरून किती वेळां जातो, तेंही लिहून पाठवावें.